आप्पांचा उकळेला

आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत कुणाकडंही पाहुणा आला, की त्याला आधी आप्पा सुतारांच्या दुकानात एक डोळा मिटून उभं राहावं लागायचं.

"आवो पावणं, जरा हिकडं या. एक डोळा मिटा. आता सांगा, मान सरळ हाय का?"

पाहुणा दचकून स्वतःचीच मान चाचपायचा. मग आप्पा त्याच्या हातात एक छोटी लाकडी पेटी आणि तिला नुसतीच खोचलेली दांडी द्यायचे. ही दांडी म्हणजे मान. एकदा गॅसवाल्यानं खांद्यावरच्या सिलिंडरसकट ही परीक्षा दिली. माझ्या मेहुण्यानं मात्र घाबरून दोन्ही डोळे मिटले आणि "छान आहे" म्हणाला. आप्पांनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

ही वस्तू म्हणजे युकुलेले. चार तारांचं, गिटारचं तान्हं पोर समजा. आप्पांनी जन्मभर चौकटी, दारं आणि पलंग केले, त्यांच्या जिभेला हे नाव कुठून वळणार? ते 'उकळेला' म्हणतात. त्यामुळं अर्धी गल्ली बरेच दिवस समजत होती, की आप्पा लाकडाची किटली करताहेत.

हे खूळ सुरू झालं त्यांच्या लेकीमुळं, शालनमुळं. शालन बालवाडीत शिकवते. तीन वर्षांपूर्वी ती सासर कायमचं सोडून आली, तेव्हापासून बापलेक दोघंच राहतात. वर्गातलं तिचं प्लॅस्टिकचं युकुलेले तुटलं, तेव्हा ती सहज म्हणाली, "आप्पा, लाकडाचं करता येईल का ओ?"

पेटी पंधरा दिवसांत झाली. मान चार दिवसांत. आणि गाडी अडली ती दोन्ही जोडताना. मानेच्या टोकाला कूस, म्हणजे पुढं आलेला खुंट असतो, पेटीला खाच. कूस खाचेत बसवायची, सरस लावायचा, क्लॅम्प आवळायचा. संपलं. पण आप्पांच्या लेखी हा सांधा नव्हे, सोयरीक.

"मान म्हंजी नवरा, पेटी म्हंजी नवरी. गुण जुळाय नगंत व्हय?"

मग ते खाचेत खडू फासणार, कूस घालून काढणार, जिथं खडू लागला तिथं पटाशीनं केसभर तासणार. पुन्हा खडू, पुन्हा पटाशी. तासता तासता कूस ढिली झाली, की नवरा नापास! असे पाच नवरे नापास झाले. त्यातला एक आमच्या घरी मांजर हाकलायला आहे.

सहावी मान माझ्यासारख्या जाड भिंगवाल्यालाही सरळ दिसत होती. तरी आप्पा रोज सरस तापवत आणि रोज तो तसाच थंड होऊ देत.

"सरस लावला की माघारी वाट न्हाय, सायेब."

शनिवारी बालवाडीचं गॅदरिंग. सरस वाळायला अख्खा दिवस हवा. गुरुवार उजाडला, मुलांची गाणी पाठ झाली, आणि आप्पांचं तासणं चालूच. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "आप्पा, एवढी पारख तर लोक पोरीच्या लग्नातसुद्धा करत नाहीत."

पटाशी थांबली.

"त्येच की," आप्पा पेटीकडं बघत म्हणाले. "शालीचं आठ दिसांत उरकलं मी. बंगला बघितला, ऊस बघितला. पोराकडं बघतोय कोण! हितं एक डोळा मिटतोय. तवा दोन्ही मिटलं हुतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने मी याच माणसाच्या नकला ऑफिसात करून दाखवत होतो.

शालन चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे बाकावर ठेवला, कोमट सरसात ब्रश बुडवला.

"आप्पा, धरा मान."

"शाले, थांब. अजून केसभर..."

"किती तासायचं? केसभर वाकडी असली तरी वाजंल की. मी हाय की वाजवायला."

"आन् न्हाय जमलं तर?"

"तर घेऊन येतो तुमच्याकडं. मागं मी माघारी आलो, तवा दार उघडलंसाच की."

तिनं कूस सरसानं माखली, मान खाचेत सरकवली, क्लॅम्प स्वतःच आवळला. आता हातानं धरायची काही गरज नव्हती. तरी आप्पा दोन्ही हातांनी सांधा दाबून बसले.

"आप्पा, चा गार हुतोय."

"हात मोकळं न्हाईत."

शालननं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी त्यांच्या तोंडाला लावली.