रेघेतलं दार

अंबादासच्या पांढऱ्या रेघेवर पाय पडला की माणूस गेला कामातून. आमच्या धाराशिवच्या स्टेडियमवर तो रोज सकाळी दोरी ताणून मैदानाभोवती चुन्याच्या फक्कीची रेघ मारायचा. खेळ असो, नसो. एका झेंडावंदनाला मोठे साहेब आले. बूट रेघेवर पडणार, एवढ्यात हा ओरडला, "साहेब, उडी!" साहेबांनी मारली. मग मागचं सगळं हापिस उड्या मारत गेलं.

मला तर रोजच बोलणी. "तात्या, पाय उचला की. नांगराला जुपलंय का तुमास्नी?"

मी कळंबच्या आडतीवर पोती उचलण्यात जन्म घालवलेला माणूस. शाळा तिसरीपर्यंत. तोंड काही नाजूक न्हाय. मी म्हणायचो, "तुझी रेघ काय सातबाऱ्यावर चढलीय का रं?"

"चढली असती तर तुमास्नी गेटातच अडवलं असतं."

साखर निघाली म्हणून डॉक्टरनं मला चालायला लावलं होतं. संगं आमची मंडळी, कौसल्या, यायची. तिचे गुडघे गेलेले. मी फेऱ्या मारायचो, ती पलीकडच्या दगडी पायरीवर बसायची. पायरीकडं जायचं तर रेघ ओलांडावी लागायची. कौसल्या लुगडं वर धरायची, "आई गं" म्हणून पाय उचलायची, पण रेघेला लागू द्यायची न्हाय.

अंबादासनं हे चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी रेघेत दोन हात जागा कोरी.

"फक्की संपली का रं?"

"दार हाय ते. वैनीसाठी. तुम्ही उडीच मारायची."

त्या दिवसापासून कौसल्या त्याला भाकरी आणायला लागली. "एकटा गडी, कोण करून घालतंय," म्हणायची. तो आमच्याकडं पाठ करून खायचा.

गेल्या आखाडात कौसल्या गेली. खांदा द्यायला अंबादास होता. पुढं महिनाभर मी उंबरा ओलांडला न्हाय. मग पोरानं ढकललंच म्हणून मैदानावर गेलो. रेघेत दार तसंच.

मी म्हणालो, "आता बुजव की रं ते."

तो फक्की चाळत राहिला. "रेघ माझी हाय, तुमची न्हाय."

मग स्टेडियम नवं करायचं निघालं. दगडी पायऱ्या पाडल्या, तिथं छपराची गॅलरी उभी राहिली. मैदानाभोवती रबराचा तांबडा ट्रॅक, त्यावर पक्क्या रंगाच्या पांढऱ्या रेघा. वाईट केलं असं मी म्हणणार न्हाय. पोरं हरणागत पळत्यात. पण फक्कीचं काम संपलं. अंबादासच्या हातात ट्रॅक धुवायचा पाइप आला. पहिल्याच आठवड्यात सवयीनं गड्यानं रंगाच्या रेघेवर फक्की मारली.

नवा सुपरवायझर बोंबलला, "आहे ना रेघ! दिसत नाही का?"

"दिसती. पण आजची न्हाय ती."

परवा सकाळी मी गेलो तर सुपरवायझरनं त्याला पुन्हा धरलेलं. जुनी पायरी होती तिथं रंगाची रेघ दोन हात झाकलेली. तांबडी माती, हातानं थापून बसवलेली.

"ही घाण कुणी केली?"

"म्या."

"कशाला?"

"वैनीला रेघ ओलांडता येत न्हाय."

"कोण वैनी? कुठं आहेत? खोटं बोललास तर उद्यापासून घरी बस."

साहेबाला उडी मारायला लावणारा अंबादास मान खाली घालून उभा. पाइपचं पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं. माझ्याकडं त्यानं बघितलं न्हाय.

मी पुढं झालो. "माझी बायकू हाय ती. येती मागनं. गुडघ्यापायी उशीर होतो तिला."

सुपरवायझरनं एकदा गेटाकडं बघितलं. "बरं, म्हातारी माणसं आहेत म्हणून," असं काही पुटपुटला आन गेला.

मी नेहमीसारखा रेघ ओलांडायला पाय उचलला. अंबादासनं माझा दंड धरला.

"तात्या," तो म्हणाला, "तुम्हीबी दारातनंच जावा आता."