तीन नारिंगी टोप्या

स्टोअरकीपरने चौथा घास पुढे केला तेव्हा शेंडेफळाने तोंड उघडलं खरं, पण घास घेण्यासाठी नव्हे.

"काका, तुम्ही कोण?"

स्टोअरकीपरचा हात हवेतच राहिला. त्याला तीन मुलं होती आणि तिन्ही त्याला बाबा म्हणत. समोरच्या पोराच्या डोक्यावर शेंडेफळाची नारिंगी टोपी होती. अंगात शेंडेफळाचा धुतलेला निळा शर्ट होता, चिखलाचा शर्ट काढून तो तर त्याने स्वतःच आत्ता चढवला होता. त्याने घाईघाईने फडकं ओलं केलं आणि पोराच्या तोंडावरचा चिखल पुसला. आतून निघालेला चेहरा त्याने आयुष्यात कधी पाहिला नव्हता. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

खरं तर असं व्हायला नको होतं. एकोणीस वर्षं तो कारखान्याचं स्टोअर सांभाळत होता आणि तिथला एक बोल्ट कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. खण, खणाला रंगीत चिठ्ठी, दर तासाला मोजणी. त्याची बायको इस्पितळात नर्स. तिने दोन वर्षांपूर्वी एक कादंबरी विकत घेतली होती आणि ती अजून बेचाळिसाव्या पानावर होती, कारण पुस्तक उघडलं की घरातलं कुणीतरी पडायचं, भांडायचं किंवा नाकात वाटाणा घालायचं. म्हणून या सहलीला निघताना स्टोअरकीपरने छाती फुगवून जाहीर केलं होतं, "आज मुलं माझी. तू फक्त पुस्तक संपवायचं."

"जमेल तुम्हाला?" तिने विचारलं होतं. त्या प्रश्नातलं हसू त्याला फार लागलं होतं.

मैदानावर आल्या आल्या तिने चटई उचलली, पार टोकाच्या झाडाखाली टाकली आणि कानात कापसाचे बोळे घातले. ते आवश्यकच होतं. तंबू इतके खेटून उभे होते की एकाची दोरी दुसऱ्याच्या दारात आणि तिसऱ्याचा चेंडू चौथ्याच्या चहात. चार रेडिओ चार गाणी म्हणत होते, जनरेटर त्यांना साथ देत होता आणि पन्नासेक पोरं कळपाने या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होती. अशात चेहरे कोण बघत बसणार? स्टोअरकीपरने आपल्या तिघांना भडक नारिंगी टोप्या घातल्या, खुर्ची टाकली, वही उघडली आणि दर दहा मिनिटांनी मोजणी सुरू केली. दहा वाजता तीन. साडेदहाला तीन. बाराला तीन. मोजणीत एकदाही चूक नव्हती, हे त्याने पुढे सगळ्यांना पुनःपुन्हा सांगितलं.

आता मात्र तो थोरलीकडे वळला. ती सात वर्षांची होती आणि मधल्याशेजारी बसून शांतपणे भात खात होती.

"हा कोण आहे?"

"माहीत नाही. त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून छोट्याने त्याला टोपी दिली."

"तुला माहीत होतं? मग मला सांगितलं का नाहीस?"

"मोजत असताना मधे बोलायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

छोटा कुठे आहे, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मैदानाच्या ऑफिसातला भोंगा खरखरला. एक गृहस्थ हरवले आहेत, असं भोंगा म्हणाला. अंगात बनियन, खाली निळी हाफपँट, हातात वही. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा ऑफिसात बसला आहे. तो घाबरलेला नाही, पण बाबा घाबरले असतील असं त्याचं म्हणणं आहे.

आजूबाजूच्या सहा तंबूंनी एकदम स्टोअरकीपरच्या बनियनकडे, मग हाफपँटकडे आणि शेवटी वहीकडे पाहिलं. त्याने वही पाठीमागे लपवली आणि तिन्ही पोरांना घेऊन धूम ठोकली.

ऑफिसात शेंडेफळ टेबलावर बसून बिस्किटं खात होतं. त्याला पाहून स्टोअरकीपरला एकदम रडूच आलं. शेजारी एक मुख्याध्यापिकाबाई रडकुंडीला येऊन आपल्या हरवलेल्या मुलाचं वर्णन लिहून देत होत्या: लाल शर्ट, डोक्यावर काही नाही. निळ्या शर्टातला, नारिंगी टोपीतला आपला लेक समोर उभा आहे हे कळायला त्यांनाही क्षणभर लागलाच. मग त्यांनी त्याला कवटाळलं, उराशी घट्ट धरलं आणि मान वर करून स्टोअरकीपरकडे असं पाहिलं की त्याची बोबडी वळली.

"याला जेवायला घातलंत तुम्ही?"

"तीनच घास," स्टोअरकीपर कसाबसा म्हणाला. "गाजर-भाताचे."

"गाजर?" बाई खुर्चीतच बसल्या. "दोन वर्षं झाली, हा गाजराला हात लावत नाही. तुम्ही काय केलंत?"

स्टोअरकीपरने काहीच केलं नव्हतं. तो आपलं पोर समजून नुसता ओरडला होता. पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

शर्ट त्या मुलाच्या अंगावरच सोडून, टोपी तेवढी घेऊन तो परतला आणि लांबूनच त्याने झाडाखाली नजर टाकली. बायको पान उलटत होती. भोंगा तिच्या कापसापलीकडे पोचलाच नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला. आता झाकली मूठ सव्वा लाखाची, आणखी काही घडायच्या आत निघालेलं बरं, असं त्याने ठरवलं. थोरलीला आईला बोलवायला पाठवलं. ती पळत गेली आणि पळत आली.

"सांगितलं?"

"सांगितलं."

तोवर त्याने तंबू पाडला, गाद्या गुंडाळून मागच्या सीटवर रचल्या, पोरांना कोंबलं. या वेळी टोप्यांवर विश्वास ठेवला नाही. एकेकाची टोपी काढून, हनुवटी वर करून चेहरा पाहिला. तीन चेहरे, तिन्ही आपलेच. वहीत बरोबरची खूण करून त्याने गाडी हाणली.

रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबवून तो ऐटीत मागच्या गाद्यांच्या ढिगाकडे वळला. छोट्याला घेऊन बायको नेहमी त्या ढिगाआडच बसायची.

"काय मग? जमलं की नाही मला?"

ढीग काही बोलला नाही.

"बाबा, कोणाशी बोलताय?" थोरलीने विचारलं.

"आईशी."

"आई झाडाखाली आहे. मी सांगितलं तिला, पण तिने वर बघितलंच नाही."

स्टोअरकीपरच्या पायाखाली गाडी होती, तरी जमीन सरकली. हे आधी का सांगितलं नाही, असं तो विचारणार होता. पण मांडीवरच्या वहीकडे लक्ष गेलं आणि त्याने गाडी वळवली.

मैदान होतं तसंच गर्जत होतं. झाडाखाली चटई होती, चटईवर बायको होती आणि पुस्तकाची उजवी बाजू अगदी बारीक झाली होती. तिने एका कानातला बोळा काढला.

"इतक्यात आलात?"

"तू... तुला माहीत होतं?"

"समोरून तर गेलात. हाक मारणार होते," ती म्हणाली. "पण पंधरा पानं राहिली होती."

तिने पुस्तक उघडून पुढची पानं मोजली आणि त्याच्याकडे पाहिलं. इतक्या गोड आवाजात ती त्याच्याशी गेल्या कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

"चारच उरलीत. मुलांना घेऊन अजून एकदा फाटकापर्यंत जाऊन येता?"

स्टोअरकीपरने मान डोलावली. जाताना मात्र त्याने शेंडेफळाची टोपी काढली आणि गुपचूप तिच्या डोक्यावर ठेवली.