कुमुदताईंची पापणी

कुमुदताईंनी एकदा आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना भर सभेत डोळा मारला. निदान अध्यक्षांना तसं वाटलं. बिचारे तीन दिवस फिरकलेच नाहीत. ताई संतापल्या. "अगं, पापणी फडफडते माझी! या वयात डोळे मारायची हौस असते का कुणाला?"

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला आम्ही दोघी एकाच काउंटरवर बसायचो. पुस्तकावर चहाचा डाग दिसला, की ताई सभासदाची उलटतपासणी घ्यायच्या. "पुरावा हवा," हे त्यांचं पालुपद. आता तीच उलटतपासणी पापणीची सुरू झाली. चहा किती, झोप किती, ट्यूबलाइट चालू की बंद, सगळं वहीत. मला घड्याळ घेऊन समोर बसवायच्या. "मोज गं, मिनिटाला किती वेळा." मोजता मोजता माझीच पापणी फडफडायला लागायची.

पण एके दिवशी स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडताना त्यांचे दोन्ही डोळे गच्च मिटले. उघडेचनात. रिक्षावाला केवढ्यांदा ओरडला! मी त्यांना ओढून कडेला आणलं. त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, "आंधळी होणार का गं मी?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. मग ताईंनी कुठूनसं वैद्यकाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. उदासपणावरच्या काही गोळ्यांनी क्वचित पापण्यांना असे झटके येतात, असं एका ठिकाणी लिहिलं होतं.

"हे काही तुम्हाला लागू नाही," म्हणत मी पान उलटायला गेले. ताईंनी माझा हात धरला.

"लागू आहे. आई गेल्यापासून घेतेय. वहीत लिहिलं नाही. लोक वेडी म्हणतील ना."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. "एकदम बंद करायच्या नाहीत हं," ते म्हणाले. "हळूहळू कमी करू, दुसऱ्या देऊ. मग कळेल दोष गोळ्यांचाच आहे का." ताईंनी त्यांना दहा प्रश्न विचारले. शेवटी डॉक्टरांनी एकच विचारला, "घरी लक्ष ठेवायला कोण आहे?"

काही महिन्यांनी पापण्या शांत झाल्या, पण ते पुढचं. त्या वेळी ताई नुसत्या पदराचं टोक दुमडत बसल्या. डोळे पुन्हा मिटले होते. तशाच चाचपडत त्यांनी माझा खांदा शोधला.

"ही आहे ना," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "आहेस ना गं?"