नेत्राणीला आधी ‘नको’ कोण म्हणणार?

पाण्याला मी घाबरत नाही! मी शिकवतो त्या धारवाडच्या शाळेत कुणालाही विचारा, सगळे हेच सांगतील. कारण त्यांना मीच सांगितलंय.

म्हणून त्या ऑक्टोबरात, दोन हजार आठ साली, माझा मेहुणा गुरुप्रसाद जवळच्या रायापूरहून स्कूटर उडवत आला आणि म्हणाला, "भावोजी, मुरुडेश्वरला जाऊ या. तिथून बोटीनं नेत्राणी बेट, आणि मग पाठीला हवेचं नळकांडं बांधून थेट समुद्राच्या तळाशी. स्कूबा! जमेल का तुम्हाला?" तेव्हा मी चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही.

"मला? अळणावरच्या विहिरीत सूर मारलेला माणूस मी! तू तुझं बघ."

गुरुप्रसाद धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. माझं लग्न झालं त्या दिवसापासून आमच्यात एक मुकी कुस्ती चालू आहे. त्यानं दहा मिरच्या खाल्ल्या की मी अकरा खायच्या. मग दुसऱ्या दिवशी दोघांनीही भोगायचं.

तर शनिवारी सकाळी आम्ही चौघं मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर उभे. मी, माझी बायको भार्गवी, गुरुप्रसाद आणि त्याची बायको वेदश्री. समोर समुद्र. अहो, समुद्र कसला! खालून कुणी चिमटे काढत असल्यासारखा उसळत होता. बांधलेल्या होड्या बैलांसारख्या दावं तोडायला बघत होत्या.

पाण्याखाली नेणारा नारायण नावाचा पोरसवदा पण गंभीर माणूस. तो कानडीत म्हणाला, "सर, बोट जाईल. पण आज लाटा मोठ्या आहेत, दोन तास हाडं खिळखिळी होतील. जायचं की नाही, तुम्ही चौघांनी ठरवा. एकानं जरी नको म्हटलं तरी बोट निघणार नाही."

एकानं! मी आशेनं त्या एकाला शोधू लागलो.

"माझं काही नाही," मी म्हणालो, "पण भार्गवीला भीती वाटत असेल तर..."

"मला कशाला वाटेल?" भार्गवी फणकारली. "तुम्ही आहात ना बरोबर!"

"आमचंही काही नाही," गुरुप्रसाद घाईघाईनं म्हणाला, "पण वेदश्रीला गाडी लागते..."

"गाडी लागते. बोटीत मी अजून बसलेच नाही!" वेदश्री म्हणाली. "घाबरट माणसांनी घरी बसावं, असं काल कोण म्हणत होतं?"

काल तो म्हणत होता. मीही मान डोलावली होती.

एवढ्यात नारायणनं फॉर्म दिले, आणि मला देव भेटला! तब्येतीचा फॉर्म. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आजारांची ही भलीमोठी यादी. एक जरी आजार असला तरी पाण्यात उतरता येणार नाही! चष्मा गाडीत राहिला होता, पण वाचायचंय कुणाला? मी वरपासून खालपर्यंत सगळीकडे ‘होय’ ठोकून दिलं आणि चेहरा दुःखी केला.

नारायण मोठ्यानं वाचू लागला. "सर, दमा आहे?"

"आहे बाबा."

"कान फुटलाय?"

"दोन्ही."

"फिट्स येतात?"

"अधूनमधून."

"आणि सर..." तो थांबला. "तुम्ही गरोदर आहात?"

किनाऱ्यावरचा नारळवालासुद्धा वळून बघायला लागला! नारायणला हसू आवरेना. "सर, थट्टा पुरे, खरा भरा!" त्यानं नवा फॉर्म दिला. तो भार्गवीनं माझ्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः भरला. नाही, नाही, नाही, नाही. खाली मी सही केली. जन्मठेपेवर करावी तशी.

बोट निघाली. पहिल्या लाटेला बोट वर गेली, पोट खाली राहिलं. दुसऱ्या लाटेला उलट झालं. तिसऱ्या लाटेपासून मी हिशेब सोडला. सकाळचे तीन बन्स मी समुद्राला परत केले. शेजारच्या कठड्यावर गुरुप्रसादही तेच करत होता. तिथंही बरोबरी!

अर्ध्या वाटेवर सुकाणू धरलेल्या तांडेलानं बोट धीमी केली. नारायण म्हणाला, "बेटाकडे लाटा आणखी मोठ्या दिसताहेत. शेवटचं विचारतो. पुढे जायचं की फिरायचं?"

मी गुरुप्रसादकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. तेवढ्यात एक लाट आडवी आली, बोट एका कुशीवर कलली आणि भार्गवीनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तिच्या बांगड्या माझ्या हाडाला टोचल्या. तिचे ओठ पांढरे पडले होते. मघाची फणकारणारी बाई ही नव्हतीच. एका फुशारकीपायी मी हिला कुठं आणून बसवलंय!

"नको!" मी ओरडलो. "फिरवा बोट! मला भीती वाटते!"

लगेच भार्गवी म्हणाली, "मलापण!"

"मलापण!" वेदश्री रडत-हसत म्हणाली.

आणि गुरुप्रसादनं माझे दोन्ही हात धरले. "भावोजी, मी येताना वाटेतल्या यल्लापूरपासून वाट बघत होतो, तुम्ही कधी नको म्हणताय त्याची!"

"मग तू म्हणायचंस ना, गाढवा!"

"तुमच्या आधी?"

नारायणनं कपाळाला हात लावला. "किनाऱ्यावरच का नाही बोललात हो?" पण बोट वळताना तोही खुशीतच दिसला.

परतीला लाटा मागून ढकलत होत्या, त्यामुळे प्रवास चक्क सुखाचा वाटला. भार्गवी माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. गुरुप्रसादनं जाहीर केलं, "भावोजी, आज खरं धाडस तुम्ही केलंत." दहा वर्षांत पहिल्यांदा! माझी छाती फुगली. किनारा आला, पाणी गुडघ्याएवढं उरलं, नारायणनं हात पुढे केला.

"हात कशाला?" मी म्हणालो आणि ऐटीत उडी मारली.

पाय शेवाळलेल्या दगडावर पडला. मी आडवा! डोक्यासकट पाण्याखाली! भार्गवीनं कॉलर धरून मला वर ओढलं, तेव्हा नाकातोंडात वाळू होती.

सोमवारी शाळेत सगळ्यांनी घेरलं. "सर, गेलात का हो तळापर्यंत?"

"गेलो की," मी म्हणालो. "तळाला हात लावून आलो."

किती खोल होतं, ते सुदैवानं कुणी विचारलं नाही.