चारोळीची हिवाळ्यातली झोप

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. आजच्या गोष्टीला एक जंगल पुरायचं नाही, दोन लागतील. एका जंगलात ऊन फार होतं आणि दुसऱ्यात बर्फ फार होता. उन्हाच्या जंगलात श्रीयुत झिपरे नावाचं अस्वल राहत होतं.

झिपरे वाळवीतले तज्ज्ञ होते. नुसत्या वासावरून वारूळ किती जुनं ते सांगायचे. बर्फाच्या जंगलात झाडांना वाळवी लागली, तेव्हा तिथल्या राजाने त्यांना मानाने बोलावून घेतलं. झिपरे निघाले. बरोबर बायको तोरणाबाई, लेक चारोळी आणि सात कानटोप्या.

तुम्ही म्हणाल, अस्वलाला कानटोपी कशाला? अंगभर केस असतात की! बाळांनो, हा प्रश्न घरी जाऊन आपापल्या आईला विचारा आणि काय होतं ते मला कळवा.

पोचल्या दिवसापासून झिपऱ्यांचं तिथल्या हवेशी वाकडं आलं. वारा बाधेल. दव बाधेल. गुहेच्या तोंडाशी उभी राहू नकोस, बाधेल. चारोळीच्या अंगात दोन स्वेटर, छातीला तेल, कानात कापूस. तिथली पिल्लं उघड्या अंगाने चिखलात लोळायची. चारोळी दोन स्वेटरांच्या आतून त्यांच्याकडे बघत बसायची.

आपल्या उन्हाच्या जंगलाला पत्र लिहिताना मात्र झिपरे त्याच थंडीची फुशारकी मारायचे. "आमच्याकडे सध्या उणे दहा," असं लिहायचे. जसं काही ते उणे दहा त्यांनीच कमावलं होतं.

मग पानं गळायला लागली. शेजारच्या गुहेतली भुरीबाई एकाएकी खात सुटली. ती तिथलीच, तांबूस केसांची अस्वलीण. सकाळी मासे, दुपारी मासे, मधे बोरं. तिचा मुलगा गोळूही तसाच.

"घरात काही कार्य आहे का हो?" तोरणाबाईंनी विचारलं.

"छे हो. आता झोपायचंय ना!"

"एवढं जेवल्यावर दुपारी झोप येणारच."

"दुपारची नाही. हिवाळाभराची. बर्फ पडला की आतून दगड लावायचा आणि वितळला की उठायचं. तुमच्याकडे थंडीत काय करतात?"

"आम्ही ऊन खातो," तोरणाबाई म्हणाल्या.

भुरीबाईने आकाशाकडे बघितलं आणि पुन्हा मासा तोंडात घातला.

तोरणाबाईंनी ही बातमी घरी सांगितली. झिपरे आधी भडकले. "चार महिने नुसतं लोळायचं? आमच्या घराण्यात आजाऱ्याशिवाय दिवसा कुणी आडवं झालेलं नाही!" मग एकदम त्यांचे डोळे चमकायला लागले.

त्याचं कारण असं. बर्फ वितळला की त्या जंगलात पिल्लांची मासेपकड परीक्षा व्हायची. जो पहिला येईल त्याला वर्षभर वरच्या धबधब्याच्या शाळेत जागा. जागा एकच. त्या जागेसाठीच आपण देश सोडला, असं झिपरे स्वतःला रोज सांगायचे. वाळवी काय, घरीही होती.

"अगं, सगळी पोरं चार महिने झोपणार!" ते तोरणाबाईंना म्हणाले. "तेवढ्यात आपली चारोळी सगळा अभ्यास उरकेल. वर उजळणी दोनदा!"

बर्फ पडला. गुहागुहांना दगड लागले. सगळं जंगल गाढ झोपलं. फक्त झिपऱ्यांच्या गुहेतून आवाज येत होता.

"एकशे चौदा माशांची नावं. हं, पहिल्यापासून."

चारोळी पाढ्यांच्या चालीवर नावं म्हणायची. नदी गोठलेली होती, म्हणून झिपरे तिच्याकडे देवदाराची बोंडं फेकायचे आणि ती पंजाने झेलायची. पडलं बोंड की पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, मला फार झोप येतेय."

"ती झोप नाही, बाळ. थंडी आहे. अजून एक स्वेटर घाल."

दर महिन्याला एक स्वेटर चढत गेला. झोप काही उतरेना. चारोळीचे डोळे खोल गेले. ती उभ्या उभ्या डुलायला लागली. माशांची नावं म्हणताना मधेच घोरायची, आणि घोरून झालं की पुढचं नाव बरोबर म्हणायची.

"अहो, तिला इथली हवा मानवलीय, म्हणून झोप येतेय," तोरणाबाई एकदा म्हणाल्या. "मानवली नाहीये ती तुम्हाला."

"मला काय झालंय?" असं म्हणून झिपऱ्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली आणि पोरीला तिखट काढा पाजला.

वसंत आला. दगड सरकले. तिथली पिल्लं बाहेर आली ती वाळून काटकी झालेली. गेल्या वर्षीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पण पोटात आग पेटली होती. परीक्षेच्या दिवशी गोळूला पाणी दिसलं आणि तो धाडकन आत पडला. बाहेर आला तेव्हा तोंडात सात मासे होते.

मग चारोळीचं नाव पुकारलं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. एकशे चौदा नावं म्हणाली, एकही चुकलं नाही. काठावरचे सगळे अवाक झाले. त्या नावांतले निम्मे मासे तिच्या दोन पायांमधून आरामात निघून गेले. शेवटचं नाव म्हणून झालं आणि चारोळी पाण्यातच झोपली.

परीक्षक पाणमांजराने वहीत शून्य लिहिलं.

झिपरे पाण्यात धावले. त्यांनी लेकीला उचललं. सहा ओले स्वेटर घालूनही ती हलकी लागली. झिपऱ्यांना रडू फुटलं. मी पोरीचा हिवाळा खाल्ला, असं त्यांना वाटलं, आणि बाळांनो, ते खरंच होतं. चारोळी सलग एकवीस दिवस झोपली. झिपरे तेवढे दिवस तिच्या उशाशी बसून होते आणि त्यांनी कुणालाही मोठ्याने बोलू दिलं नाही.

पुढच्या शरदात त्यांनी कानटोप्या वाळवीच्या वारुळावर ठेवून दिल्या. तिघांनी पोट फुटेस्तोवर मासे खाल्ले. बर्फाचा पहिला कण पडला तसा झिपऱ्यांनी गवत अंथरलं आणि दगडाला हात घातला.

इतक्यात बाहेर गलबला झाला. भुरीबाई उभी होती. मागे जंगलातल्या सगळ्या आया, आणि प्रत्येकीच्या हातात एक पेंगुळलेलं पिल्लू.

"झिपरेसाहेब, वर्ग कधी सुरू?"

"कसला वर्ग?"

"हिवाळ्याचा हो. तुमची चारोळी जागून एकशे चौदा नावं शिकली. आमचा गोळू मेला नुसता लोळत पडला!"

"अहो, पण पहिला गोळूच आला!"

"गेल्या वर्षी आला. या वर्षी?"

"बाई, माझं ऐका. घरी जा आणि पोराला झोपवा. आम्हीही झोपतोय," असं हात जोडून म्हणून झिपऱ्यांनी आतून दगड लावला.

बायांनी एकमेकींकडे बघितलं.

"बघितलंत? दार लावून एकटीलाच शिकवणार," भुरीबाई म्हणाली. "माणूस आतल्या गाठीचा आहे."

त्या हिवाळ्यात सगळं जंगल जागं होतं. गुहेगुहेतून माशांची नावं ऐकू येत होती. घराघरांत देवदाराची बोंडं उडत होती. भुरीबाईने तर वारुळावरच्या कानटोप्या झटकून आणल्या आणि आपल्या गोळूला घातल्या, एकावर एक. एका दगडामागे तेवढे तिघं जण पाय पोटाशी घेऊन शांत घोरत होते.

वसंतात परीक्षा झाली. नदीत एका ओळीत अठरा पिल्लं उभी होती, आणि अठराच्या अठरा झोपलेली. झोपेतच नावं पुटपुटत होती. चारोळी काठावर आली. तिला एकाही माशाचं नाव आठवेना, पण भूक मात्र सपाटून लागली होती. तिने नऊ मासे पकडले. आठ तिथेच खाल्ले आणि नववा परीक्षकाला दाखवला.

जागा चारोळीला मिळाली. झिपरे पुन्हा रडले. या वेळी आनंदाने.

भुरीबाई झोपलेल्या गोळूला खांद्यावर टाकून त्यांच्याजवळ आली.

"खरं सांगा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आत किती तास घ्यायचात?"

"आम्ही झोपलो होतो हो. शपथ."

"नका सांगू," भुरीबाई म्हणाली. "पण पुढच्या वर्षी आम्ही उन्हाळ्यापासूनच सुरू करणार आहोत."

तात्पर्य : बाळांनो, परमुलखात गेलात तर तिथल्या हवेशी जरूर जुळवून घ्या. फक्त त्याआधी तिथल्या आई-बापांना आपली हवा लागू द्या, म्हणजे पोरगं हमखास पहिलं येतं.