उत्तरकालीन कण्हणे

महान कलेचा उगम वेदनेत असतो. आमच्या श्रवण मंडळाच्या बाबतीत तो डाव्या गुडघ्यात होता.

मंडळ दर रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या घरी भरते. (खाली लोक आ वासून सहन करतात, वर तोंड मिटून.) एका वृद्ध वाद्यवृंद-संचालकाने आयुष्याच्या अखेरीस रेकॉर्ड केलेल्या उत्तरकालीन सिंफन्या, हा आमचा एकमेव अभ्यासविषय. बाकीचे संचालक या सिंफन्या वाजवतात. आमचे त्या वाजू देतात. दोन सुरांमध्ये ते एवढी जागा सोडतात की मधल्या मधे कुणी चहा आणून ठेवावा. (ठेवतातही.)

पण त्यांचे खरे भाष्य म्हणजे संथ भागातले कण्हणे. व्हायोलिने खाली उतरली की मागून खर्जात "आई गं" असे स्पष्ट ऐकू येते. आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या मते ती सृष्टीला मारलेली हाक आहे.

ही हाक इतर सभासदांच्या प्रतींत नाही. त्यावरून डॉक्टरांची प्रत दुर्मिळ ठरली आणि दुर्मिळ प्रतीचे मालक म्हणून डॉक्टर अध्यक्ष. बँकेतल्या साहेबांनी आपली प्रत लाजून माळ्यावर टाकली. प्राध्यापकांनी कण्हण्यावर लेख लिहिला. (तो वाचणाऱ्यांत शंभर टक्के प्राध्यापक होते, म्हणजे तेच.)

कण्हत होते ते पलीकडच्या खोलीतले डॉक्टरांचे सासरे. हे घरात सगळ्यांना माहीत होते. फक्त संगीत कळणाऱ्यांना माहीत नव्हते.

घोटाळा वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने केला. त्यांनी वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला.

"पुढच्या वर्षी बघू," डॉक्टर म्हणाले.

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात."

"अगं, बाबांची सहनशक्ती दांडगी आहे."

"त्यांची असेल, माझी संपली. माझ्या बापाच्या गुडघ्यावर तुमचं अध्यक्षपद उभं आहे, एवढं कळतं मला!"

ऑपरेशन झाले. दुर्दैवाने यशस्वी झाले. काही आठवड्यांनी मंडळ पुन्हा बसले, व्हायोलिने खाली उतरली, आणि मागे काहीच नाही. प्राध्यापक हादरले.

"संचालकांनी विचार बदललेला दिसतो," ते म्हणाले. (रेकॉर्डवरच्या माणसाने विचार बदलणे, याला मोठे मन लागते.)

इतक्यात दार उघडून सासरेबुवा चालत आले. काठीशिवाय.

"काय हो रसिक मंडळी, दोन वर्षं कण्हत होतो. एकदा तरी कुणी उठलात का? उलट मी कण्हलो की तुमची वाहवा! म्हटलं, मेलो तर टाळ्या वाजवतील."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. प्राध्यापकांनी आपली लवकर वर काढली.

"एक विचारू? ते दुसरं 'आई गं' आपण मुद्दाम खालच्या सुरात घ्यायचात का?"

"जावईबापू," सासरे म्हणाले, "यांचा एखादा दात काढा बघू."

सासरे गेल्यावर मंडळाने एकमताने ठरवले की कण्हणारा कोण हा प्रश्न गौण आहे. कण्हण्यावाचून संचालक उथळ वाटतात, हे मुख्य. सासरे आता रोज फिरायला जातात, त्यामुळे कलेच्या दृष्टीने ते संपले.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्याही पलीकडच्या खोलीत कुणीतरी असेलच. सवयीमुळे आपल्याला ऐकू येत नसेल, आम्हाला येईल. रविवारी दुपारी पाठवून द्यावे. सोबत उशी द्यावी.