सहभागी क्रमांक सतरा

नावं लपवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगणं शक्यच नाही. ज्यांची नावं मी लपवली, ते पुढे येऊन बोलणार कसे?

आमची प्रकाशनसंस्था लहान. तिसरा मजला, दोन खोल्या, तीन खिडक्या, त्यातली एक उघडते. पुस्तकं मात्र भारी! स्त्रीवाद, लिंगभाव, लैंगिकता, क्वीअर माणसांची आयुष्यं. संशोधक लोकांच्या घरात जाऊन विचारू नये ते विचारतात, लोक सांगू नये ते सांगतात, आणि मग कुणाचं कुणाला कळू नये म्हणून पुस्तक माझ्या टेबलावर येतं. सोबत बंद पाकिटात, पेनड्राइव्हवर, खऱ्या नावांची यादी. ती मी संगणकाला खाऊ घालते, एक कळ दाबते, की पुस्तकातलं प्रत्येक नाव जाऊन तिथे नंबर बसतो. यादी मी स्वतः कधी वाचत नाही. तत्त्व आहे माझं! अकरा वर्षांत एक नाव फुटलेलं नाही. अहो, माझं खरं वय माझ्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नाही, आणि ती माझ्यापेक्षा मोठी आहे!

तर आमच्याकडे प्राध्यापकबाईंचं पुस्तक आलं. विषय असा, की दोन बायका जोडीने संसार करतात, तेव्हा घरातली कामं कोण करतं? एक्केचाळीस जणींच्या मुलाखती. त्या घेतल्या बाईंच्या दोन सहकाऱ्यांनी. बाईंचा आग्रहच होता, ‘कोण काय बोललं ते मलाही कळता कामा नये. मी फक्त नंबर वाचणार.’ त्यामुळे मुलाखत देणारीचा पेशासुद्धा बदललेला. शिक्षिकेची शिंपीण, शिंपिणीची वकील.

या सगळ्यांत आम्हा ऑफिसवाल्यांची लाडकी होती सहभागी क्रमांक सतरा. ती म्हणते, ‘माझी जोडीदार समतेवर दोन तास न थांबता बोलू शकते. त्या दोन तासांत मी भांडी घासते, पुसते, जागेवर लावते. मग ती आत येऊन विचारते, काही मदत करू का?’

बाईंनी या सतराच्या जोडीदारावर नऊ पानं खर्ची घातली होती. तिला ‘बोलघेवडी समता’ असं नाव दिलं होतं. ‘अशा व्यक्ती चळवळीला आतून पोखरतात’ इथपर्यंत मजल गेली होती. आमचा पानांची मांडणी करणारा, ज्याला आम्ही मिलिमीटर म्हणतो कारण तो पट्टीशिवाय जेवतसुद्धा नाही, तोही भडकला होता.

“ताई, ही सतराची जोडीदार मला कुठे भेटली ना, तर साबण हातात देऊन उभी करीन!”

पुस्तक छापायला जाणार त्या दिवशी बाई स्वतः जिना चढून आल्या. हातात एकच कागद.

“ऋणनिर्देश राहिला होता,” त्या म्हणाल्या. “शेवटचा परिच्छेद जरा नीट बघा हं. आजवर सहा पुस्तकं झाली. सहाही वेळा मी ‘एका मैत्रिणीचे आभार’ असं लिहिलं. भित्री मी. या वेळी तिचं नाव घातलंय. पूर्ण. आडनावासकट.”

बाईंची जोडीदार म्हणजे आमच्याच रस्त्याच्या टोकाला दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टर. अर्ध्या ऑफिसच्या दाढा त्यांनी पाहिलेल्या. बावीस वर्षांचा संसार, आणि आज कुठे नाव! माझे डोळे भरून आले. मी तो परिच्छेद स्वतः टाइप केला, तीनदा तपासला, पुस्तकात जोडला. आणि मग, आता इतकं भावनेच्या भरात काम केलंय तर कुठे काही राहायला नको, म्हणून सबंध पुस्तकावर नावं लपवायची कळ आणखी एकदा दाबली.

आलं ना लक्षात? माझ्या नव्हतं आलं!

शुक्रवारी सकाळी छापखान्यातून गठ्ठे आले. समारंभ शनिवारी दुपारी तीनला. मी पहिली प्रत उघडली, नाकाला लावली, आणि मोठ्या प्रेमाने ऋणनिर्देश काढला. तिथे छापलं होतं, ‘माझ्या प्रत्येक पानाची पहिली वाचक, बावीस वर्षांची माझी जोडीदार, सहभागी क्रमांक सतरा, हिचे आभार मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत.’

माझ्याजवळही नव्हते! बावीस वर्षांनी एका बाईचं नाव उजेडात येणार होतं, आणि मी त्याच्यावर नंबर ठोकला!

मिलिमीटर माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“ताई, म्हणजे आपल्या डॉक्टर मुलाखतीला बसल्या होत्या? म्हणजे त्या सतरा? म्हणजे ती जी जोडीदार, भांडी न घासणारी, ती...”

“गप्प!”

“...चळवळीला आतून पोखरणारी...”

“गप्प बस म्हटलं ना!”

म्हणजे एका फटक्यात मी दोन पराक्रम केले होते. सांगायचं ते नाव लपवलं आणि लपवायचं ते चव्हाट्यावर आणलं. बाईंनी नऊ पानं भरून स्वतःलाच झोडपलं होतं, आणि हे त्यांना सोडून लवकरच सगळ्या जगाला कळणार होतं.

“चिकटपट्ट्या!” मिलिमीटर ओरडला. “नाव छापायचं आणि नंबरावर चिकटवायचं. बासष्ट मिलिमीटर लांब, पाच उंच. कुणाला कळणारही नाही!”

पहिल्या पट्ट्या पारदर्शक कागदावर आल्या. नावाच्या आरपार सतरा स्पष्ट दिसत होतं. आधी नुसता नंबर होता, आता नाव आणि नंबर दोन्ही, म्हणजे आम्ही पुरावाच तयार केला होता! दुसऱ्या पट्ट्या जाड कागदावर. त्या इतक्या उठून दिसायच्या, की मलासुद्धा नखाने काढून बघायचा मोह व्हायला लागला. तिसऱ्या एकदाच्या जमल्या. आम्ही दोघं जेवण विसरून चिकटवत बसलो. मिलिमीटर प्रत्येक पट्टीला पट्टी लावून मोजायचा. शेवटची प्रत मिटली तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले.

“किती झाल्या रे?”

“दोनशे पंचाण्णव.”

“तीनशे होत्या ना?”

“पाच छापखान्याने लेखिकेच्या घरी पाठवल्या. दर वेळी तसंच करतात.”

शनिवारी सकाळी मी उरलेल्या पाच पट्ट्या पर्समध्ये घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांना सगळं सांगायचं, माफी मागायची, पट्ट्या द्यायच्या. घरी बाईंच्या हाती लागण्याआधी त्या चिकटवतील. सरळ साधा बेत!

“अरे वा, तुम्ही! बसा बसा,” म्हणत डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, खुर्ची आडवी केली आणि दिवा डोळ्यांवर आणला. “हं, आ करा.”

“डॉक्टर, मी दातासाठी नाही...”

“सगळे असंच म्हणतात. आ!”

मी आ केला. काय करणार? त्यांच्या आवाजात काहीतरी आहे, माणूस आ करतोच.

“बाप रे! बरं झालं आलात. किती दिवस लपवलीत ही दाढ?”

लपवणं हा माझा पेशाच आहे, हे मला सांगायचं होतं, पण तोवर सुई टोचली होती. तोंडात एक आरसा, एक नळी, कापसाचे दोन बोळे. आणि मग डॉक्टर बोलायला लागल्या.

“आज मी दवाखाना एक वाजताच बंद करणार. नवे बूट घेतलेत! तुम्हाला सांगते, हिच्या सहा पुस्तकांचं पहिलं पान मी वाचलं आणि शेवटचंही. प्रत्येक समारंभाला मागच्या रांगेत बसले. कुणी विचारलं तर हिची मैत्रीण. मी कधी तक्रार केली नाही हो. पण आत कुठेतरी वाटायचंच, की मेल्यावर श्रद्धांजलीच्या फलकावर तरी हिच्या शेजारी नाव येईल ना?” त्यांनी हातातलं यंत्र थांबवलं. “आज पहिल्या रांगेत बसणार. थोरल्या बहिणीलाही बोलावलंय. तिला मी अजून नीट सांगितलेलं नाही. म्हटलं, छापलेलं वाच, म्हणजे पुन्हा विचारायला नको.”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“दुखतंय का?”

मी मान हलवली. होही आणि नाहीही.

काम संपलं तेव्हा माझं अर्धं तोंड परक्याचं झालं होतं. “संध्याकाळपर्यंत बोलू नका,” त्या म्हणाल्या आणि गाल सुजलेल्या पुढच्या माणसाकडे वळल्या. आता खरं सांगते. लिहून देता आलं असतं. पेन होतं, कागद होता. हिंमत नव्हती! पाच पट्ट्या पर्समध्ये तशाच घेऊन मी बाहेर पडले.

म्हटलं, सभागृहात व्यासपीठावर दुरुस्त प्रत ठेवू, बाई तीच उचलतील. ठेवलीही. तीन वाजता बाई आल्या, ती प्रत बाजूला सारली, आणि पिशवीतून घरची काढली.

“मी माझं पुस्तक समारंभाआधी उघडत नाही,” त्या माइकवर म्हणाल्या. “उघडलं की पहिल्याच पानावर चूक दिसते. म्हणून आज तुमच्यासमोर पहिल्यांदा उघडतेय, आणि ऋणनिर्देशच वाचणार आहे. त्याला कारण आहे.”

मी ताडकन उठले. “आंऽ! आंऽऽ!” एवढाच आवाज निघाला. शेजारी बसलेल्या एकीने पाण्याची बाटली दिली. ते पाणी हनुवटीवरून खाली आलं. मिलिमीटरने तोंड पुस्तकात खुपसलं. पहिल्या रांगेत नवे बूट घालून डॉक्टर बसल्या होत्या, ताठ, शेजारी त्यांची बहीण.

“‘माझ्या प्रत्येक पानाची पहिली वाचक,’” बाई वाचत होत्या, “‘बावीस वर्षांची माझी जोडीदार, सहभागी क्रमांक...’”

थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“सतरा?”

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

“सतरा!” बाईंनी भराभर पानं उलटली, तिसऱ्या प्रकरणावर आल्या आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं. “‘काही मदत करू का?’ हे तू सांगितलंस?”

डॉक्टर उभ्या राहिल्या. “नाव गुप्त ठेवू म्हणाले होते.”

“मी तुझ्यावर नऊ पानं लिहिली!”

“माझ्यावर कुठे? तुझ्यावर.”

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते मला माहीत नाही, पण मग सगळं सभागृह गदगदा हसायला लागलं. बाई मात्र हसत नव्हत्या. बावीस वर्षांचा संसार माझ्या एका कळीने मोडतो की काय!

“ही पानं सगळ्यांत आधी तू वाचलीस,” बाई म्हणाल्या. “मला काही बोलली नाहीस.”

“म्हटलं, तुझा तुला पत्ता लागतो का बघू. नाही लागला. पण लिहिलंयस फार छान. ‘बोलघेवडी समता’ तर मी दवाखान्यात चिकटवून ठेवलंय.”

बाईंनी पुस्तक मिटलं. “इथे नाव हवं होतं. मी लिहून दिलं होतं. छापलं नाही गेलं, तर नाही. मीच सांगते.” आणि त्यांनी ते नाव उच्चारलं. पूर्ण. आडनावासकट. माइक इतका जवळ, की रस्त्यावरसुद्धा ऐकू गेलं असेल. “ही माझी बायको. आणि हो, भांडी हीच घासते.”

टाळ्या थांबेनात. डॉक्टरांच्या बहिणीने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला. “एवढं सांगायला बावीस वर्षं लागली तुला?” असं म्हणून ती स्वतःच रडायला लागली.

आता मला गप्प बसणं शक्य नव्हतं. मी पुढे गेले, माइक धरला आणि अर्ध्या तोंडाने बोलायला लागले. कुणाला एक अक्षर कळेना. डॉक्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. असलं बोलणं त्या रोजच ऐकतात.

“त्या म्हणताहेत, चूक त्यांची आहे,” डॉक्टरांनी सभागृहाला सांगितलं. “सवयीने नाव पुसलं गेलं म्हणे. बाकी प्रतींत बासष्ट मिलिमीटरची पट्टी लावलीय. सकाळी हेच सांगायला आल्या होत्या.” त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. “आणि मी त्यांची दाढ भरली!”

मग त्यांनी माझा हात धरला. “माझं नाव नुसतं छापलं असतं, तर मी ते घरी बसून वाचलं असतं. तुमच्यामुळे ते हिच्या तोंडून ऐकलं. तुमचे उपकार कसे फेडू?”

उपकार! अहो, ज्या बाईचं गुपित मी फोडलं, ती माझे आभार मानत होती. नोकरी गेली असती तरी तोंड वर करून बोलता आलं नसतं मला. त्या दिवसापासून या दोघींमध्ये माझा जीव अडकलाय. बाई आता रोज भांडी घासतात. नीट घासत नाहीत, डॉक्टर गुपचूप पुन्हा घासतात, पण ते दुसऱ्या आवृत्तीत येईल.

आणि म्हणूनच मी हे सगळं लिहून काढलं. त्यांच्यावरच्या प्रेमापोटी! परवा दोघींना समोर बसवून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. बाई पोट धरधरून हसल्या. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, “छान आहे. पण यात माझं नाव कुठे आहे?”

मी पानं चाळली. पुढून मागे, मागून पुढे. शप्पथ सांगते, एकदाही नाही!

“घालते, आत्ता घालते!” म्हणत मी पेन उघडलं.

“नको!” दोघी एकदम ओरडल्या. “तुम्ही हात लावू नका!”